पान एकशे बारा, चौकट तिसरी

विरुपाक्ष हत्तुरेंचं प्रकाशन
अक्कलकोट रोडला, बंद पडलेल्या टॉवेल कारखान्याच्या वर.
खाली अठरा मागांचे पाय अजून काँक्रीटमध्ये रुतलेले,
वर आम्ही तिघं, दोन पंखे,
आणि जपानहून आलेली एक शाळकरी मुलगी
जिला मला शुक्रवारपर्यंत
इंग्रजीत बोलायला लावायचंय.

काम सांगायला सोपं:
फुग्यातलं त्यांचं पुसायचं, आपलं भरायचं.
आपलं म्हणजे इंग्रजी.
आई विड्या वळता वळता तेलुगूत विचारते,
ते कधीपासून आपलं?

पुस्तकं जातात लीड्सला, टोरांटोला.
इथं ती फक्त कुरिअरचा रेवणसिद्ध चाळतो
आणि म्हणतो, एवढाले डोळे!
रडायला बसली तर बादली लागंल की ओ.

पहिलं पुस्तक आलं तेव्हा
शिवण भलत्याच बाजूला होती. हजार प्रती.
"मॅडम, तुमची फाइलच उलटी," बाइंडर म्हणाला.
हत्तुरे सर खुर्चीत बसले ते उठेचनात.
मग विजापूर वेशीतून मुस्तकीमचाचा आले,
चाळीस वर्षं उर्दू शाळांची पुस्तकं शिवलेला माणूस.
उजवीकडून उघडलं,
अंगठ्याला थुंकी लावून तीन पानं उलटली,
"उलटं कुठंय? सरळ तर चाललंय."
तेव्हापासून जपान त्यांच्याच सुईतून जातं.

कोरियाचं निराळं.
तिकडची गोष्ट फोनवर वरून खाली ओघळत येते,
पानच नसतं तिला, नुसता तागा.
पप्पांनी बत्तीस वर्षं ताग्यातून टॉवेल कापले.
त्यांना स्क्रीन दाखवली: कुठं कापू?
नायक जिन्यात उभा, वर चार बोटं कोरं आभाळ.
चष्मा कपाळावर सारून म्हणाले,
"कोऱ्यावर काप. नक्षीला कात्री लावायची नसते."
आणि जरा थांबून,
"दशा राहू दे थोड्या."

अडलं ते इथं. पान एकशे बारा, चौकट तिसरी.
रिकामा फलाट, दुपार, मुलगी एकटी,
आणि तिच्या डोक्यावर चौकटभर
ब्रशनं ओढलेली चार अक्षरं,
पहिली दोन तीच पुढची दोन.
भाषांतर करणाऱ्या बाईंनी समासात लिहिलेलं:
हा उन्हाचा आवाज.
ऐकू येत नाही, तो.

'सिझल' लावून पाहिलं, तव्यावर अंडं पडलं.
'ब्लेझ' लावलं, मुलगीच पेटली.
'सायलेन्स' तर वाचनालयातली पाटी झाली.
सर म्हणाले, सोड रिकामं.
पण रिकामं म्हणजे नुसतं रिकामं,
ऊन नव्हे.

चव्वेचाळीस डिग्री. रस्त्यावर कुत्रं नाही.
आई डबा घेऊन जिना चढून आली,
पदरानं मान पुसली,
आणि तिची सगळी तेलुगू बाजूला ठेवून म्हणाली,
"काय रणरणतंय गं."

मी तोच ब्रश घेतला, तीच जाडी.
र ण र ण.
त्यांची चार जिथं होती तिथंच
बरोब्बर बसली,
शिरोरेघ फलाटाच्या पत्र्याला टेकली.

सर मागं येऊन उभे राहिले. घरी कन्नड बोलणारा माणूस;
वाचलं, रुमाल काढला, कपाळ टिपलं.
मग म्हणाले,
"लीड्सला काय कळणार?"

छापायला गेली ती दुसरी फाइल.
जपानी अक्षरं तशीच, खाली मुंगीएवढ्या टायपात
इंग्रजी टीप: उन्हाचा आवाज.
ही माझ्याकडेच राहिली, वेगळ्या नावानं.
तिला आजवर वाचक तीन.

तिसरी आई. चष्मा नव्हता,
डबा उघडता उघडता लांबूनच बघितलं,
"कुठलं गं स्टेशन?"
मी सांगायच्या आतच
"होटगी दिसतंय," म्हणाली,
आणि भाकरीवर शेंगाचटणी वाढली.